सुटलेले घोडे घरी कसे आणायचे: मळ्यातल्या छोट्या पागेसाठी

अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेनं दोन-चार घोडे आणून ज्यांनी मळ्यातच पागा केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाजारात चाल, दात, भोवरे (अंगावरच्या केसांची वळणं) यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. घोडे सुटून रानात गेले तर काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि ती वेळ घोडे पाळणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी येते. फाटकाची कडी अर्धवट बसते, दिवाळीत शेजारी फटाके वाजतात, बांधावरून बिबट्या जातो, नाहीतर पलीकडच्या वस्तीवर माजावर आलेली घोडी असते. आमच्या घरी घोडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आजूबाजूला सगळा ऊस, त्यामुळे या कामाचा सराव घरातल्या सगळ्यांनाच आहे.

घोड्याचा जीव पळण्यावर वाचतो. घाबरला की तो आधी पळतो आणि नंतर मागं वळून बघतो. तुम्ही मागं धावलात तर तो आणखी लांब जाणार. भरधाव घोडा तासाला चाळीस-पन्नास किलोमीटरनं जातो, त्याच्याशी शर्यत लावण्यात काही अर्थ नाही. पण घोड्याला कळप हवा असतो, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक हवा असतो, ओळखीचं पाणी हवं असतं. या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत. खाली जे जे सांगितलं आहे ते सगळं यावरच उभं आहे.

हाताशी काय असावं

ही सामग्री पागेत एका खुंटीवर, एका पिशवीत कायम तयार ठेवा. ऐन वेळी शोधाशोध करू नका.

- जितके घोडे तितक्या मोरख्या (तोंडावर चढवायच्या, कासरा अडकवायच्या), शिवाय एक जास्तीची. लगाम नव्हे, मोरखीच. पळालेल्या घोड्याच्या तोंडात लोखंड घालण्याची ती वेळ नसते.
- सुती, जाड, मऊ कासरे, प्रत्येकी तीन-साडेतीन मीटरचे. नायलॉनचा दोर हात सोलून काढतो.
- तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) किंवा पत्र्याची बादली आणि तिच्यात दोन मुठी हरभरा. बादली पत्र्याची असली की दाण्यांचा आवाज लांब जातो.
- बॅटरी, चार्ज केलेला फोन, पायात बंद बूट.
- जंतुनाशक औषध, स्वच्छ पट्ट्या, थर्मामीटर.

कागदपत्रंही याच पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा: खरेदीची पावती, लसीकरणाची नोंद, ओळखीची चिप बसवलेली असेल तर तिचा नंबर, आणि प्रत्येक घोड्याचे दोन्ही बाजूंनी व समोरून काढलेले फोटो. रंग आणि खुणा लिहून ठेवा: कुमैत (तांबूस, काळ्या आयाळीचा) की अबलख (दोन रंगांचे पट्टे असलेला), कपाळावर टिकली की पट्टा, कोणता पाय पांढरा, भोवरा कुठे. घोडे दोन गावं ओलांडून गेले आणि कुणी बांधून ठेवले, तर ‘आमचाच आहे’ एवढं म्हणून भागत नाही. त्याच कागदावर जनावरांच्या डॉक्टरांचा, पोलीस पाटलांचा आणि चारी बाजूंच्या शेतकऱ्यांचा फोन नंबर असू द्या. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे, तोही लिहा.

१. आधी फाटक लावा आणि मोजा

पहिली उबळ असते रानाकडे धावण्याची. ती आवरा. आत राहिलेले घोडे मोजा आणि त्यांना पक्कं कोंडा. ते बाहेर गेलेल्यांसाठी खिंकाळत राहतील आणि ती खिंकाळी तुमच्या पाचपन्नास हाकांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. त्यांच्यापुढं लगेच चारा टाकू नका, तोंड चाऱ्यात गेलं की खिंकाळणं थांबतं.

कोण बाहेर आहे यावर पुढचं सगळं ठरतं. घोडी बाहेर आणि शिंगरू आत असेल तर फार काळजी नको, ती लांब जाणार नाही. दोघं बाहेर असतील तर घोडीकडे लक्ष द्या, शिंगरू तिच्यामागं येईल. नुसता वळू घोडा (खच्ची न केलेला नर) सुटला असेल तर गोष्ट वेगळी, ती खाली सांगतो.

२. माणसं वाटून घ्या

घोड्यांना सर्वांत मोठा धोका गाड्यांचा आणि विहिरींचा. म्हणून पहिला माणूस घोड्यांकडे न पाठवता डांबरी रस्त्यावर पाठवा, बॅटरी हलवत गाड्या हळू करायला. घोडे महामार्गावर किंवा रेल्वेमार्गाकडे गेले असतील तर ११२ ला फोन करून स्पष्ट सांगा की रस्त्यावर मोकळे घोडे आहेत, आणि ठिकाण सांगा. दुसऱ्याला कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळ्यांच्या बाजूला उभं करा. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेल्या घोड्याला स्वतःहून वर येता येत नाही.

शेजाऱ्यांना फोन करताना तीन गोष्टी सांगा: अडवू नका, ओरडू नका, फक्त कुठे दिसले ते कळवा. आणि ज्यांच्या बांधाला रानडुकरांसाठी विजेचं झटका मशीन लावलेलं असेल त्यांना ते थोडा वेळ बंद ठेवायची विनंती करा. कुत्री बांधायला सांगा. गावातली पोरं मोटारसायकली काढून मदतीला येतात. मन चांगलं असतं त्यांचं, पण गाडीच्या आवाजानं घोडे शिवार सोडून जातात. त्यांना नाक्यांवर उभं राहायचं काम द्या.

घोड्यांजवळ जाणार एकच माणूस, रोज चंदी देणारा. घरात ती आई असेल तर आईनंच जायचं. घोडा माणूस चालीवरून आणि वासावरून ओळखतो, त्याला घरातलं मोठं कोण हे ठाऊक नसतं.

३. माग काढा

ओल्या सरीत टापांच्या खुणा स्वच्छ उमटतात. नाल ठोकलेला असेल तर कमानीची कड ठसठशीत दिसते. खुणा लांब लांब आणि खोल असतील तर घोडे पळत गेले आहेत, जवळ जवळ असतील तर चरत, रमत गेले आहेत आणि जवळपासच आहेत. ताजी लीद ओलसर असते, आतून कोमट लागते.

माग मिळालाच नाही तर घोड्याच्या बाजूनं विचार करा. आधी हिरव्याकडे: लसूणघास, कडवळ, मका. मग पाण्याकडे, कालव्याचा भराव किंवा ओढा. मग दुसऱ्या घोड्यांकडे. नवा आणलेला घोडा बऱ्याचदा ज्या रस्त्यानं आला त्याच रस्त्याला लागतो. म्हणून घोडा विकत आणताना शेवटचा टप्पा चालवत आणला असेल, तर तो रस्ता आठवा. रात्री बॅटरी जमिनीलगत फिरवली तर लांबूनही डोळे चमकतात. दिसले की झोत लगेच खाली घ्या.

उसात शिरले असतील तर तुम्ही उसात शिरू नका. आठ-दहा फुटी उसात तुम्हाला घोडा दिसत नाही, घोड्याला तुम्ही दिसत नाही. नुसती सळसळ ऐकून तो उधळतो आणि वाटेत तुम्ही असू शकता. पाचटाची पानं डोळ्यांनाही कापतात. घराच्या दिशेची कड मोकळी ठेवा, बाकीच्या कडांना माणसं गप्प उभी करा, आणि मोकळ्या कडेला पागेतली एखादी शांत घोडी मोरखीवर आणून चरायला उभी करा. मग वाट बघा. वाट बघणं हेच तिथलं काम आहे, आणि ते तासभर चालू शकतं.

४. जवळ जाणं

सगळं शिकण्यासारखं काम इथंच आहे, म्हणून सावकाश वाचा.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं, साधारण ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणून समोरून सरळ चालत जायचं नाही आणि मागून तर कधीच नाही. खांद्याच्या रोखानं, तिरकं जायचं. तेही थेट नव्हे, नागमोडी, जणू तुम्ही दुसऱ्याच कामाला निघाला आहात. खांदे सैल, हात खाली, कासरा अंगाशी. नजर त्याच्या डोळ्यांत रोखू नका, पायांकडे किंवा जमिनीकडे असू द्या. तोंडानं हळू बोलत राहा. काय बोलता याला महत्त्व नाही, रोज खरारा करताना, म्हणजे अंग घासताना, जो आवाज असतो तोच ठेवा.

आता कान बघा. एक कान तुमच्याकडे वळला आणि तोंड चरतंच आहे, तर ठीक, पुढं चला. मान वर झाली, दोन्ही कान ताठ तुमच्यावर, नाकपुड्या फुलल्या, तर जिथं आहात तिथं थांबा. थांबून पुरत नसेल तर एक-दोन पावलं मागं सरका आणि अंग अर्धं वळवा. नव्या माणसाला हे पटत नाही. इतक्या जवळ आल्यावर मागं कसं सरायचं, असं वाटतं. पण घोडा यातूनच शिकतो की हा माणूस आपल्यावर चालून येत नाही. तो पुन्हा चरायला लागला, ओठ चाटले, मान खाली आली, की पुढं.

पंधरा-वीस पावलांवर आलात की बादलीतले दाणे एकदा खळखळवा. एकदाच, सारखं नाही. तो स्वतः दोन पावलं आला तर उरलेलं अंतर त्यालाच चालू द्या. तोंड बादलीत गेलं की लगेच मोरखीकडे झेपावू नका. खाऊ द्या, मानेवर आयाळीखाली खाजवा, कासरा खांद्यावरून मानेखाली सोडून दुसऱ्या हातानं धरा. मानेभोवती कासरा आला की बहुतेक घोडे स्वतःला पकडलेलं समजतात. मग सावकाश मोरखी चढवा.

तीन गोष्टी अजिबात करू नका. कासरा हाताला किंवा मनगटाला गुंडाळू नका. घोडा उसळला तर बोटं जातात, माणूस फरफटत जातो. कासरा घड्या घालून मुठीत धरा. दुसरं, चार-पाच मोकळ्या घोड्यांच्या मधोमध चंदीची बादली घेऊन उभं राहू नका. ते तुम्हाला मारायला लाथ झाडत नाहीत, एकमेकांना झाडतात, आणि मध्ये तुम्ही असता. दाणे लांब लांब ढिगांत टाका आणि मग एकेकाला धरा. तिसरं, गळ्यात फास फेकू नका. ते काम ज्यांचं आहे त्यांचं. नवख्यानं फेकलेला फास चुकतो आणि तो घोडा त्यानंतर दोर बघूनच पळायला लागतो.

घोळक्यात सगळ्यांना धरायची गरज नसते. पाणवठ्यावर पहिली कोण जाते, चारा टाकल्यावर बाकीचे कुणाला जागा देतात, हे रोज बघत असाल तर पुढारी घोडी कोणती ते तुम्हाला माहीत असेल. तिला धरा. भीमथडी जातीच्या घोड्यांवर संसार लादून फिरणारे धनगर चालताना बघा, दोन-तीन घोड्या हातात असतात आणि शिंगरं मोकळी मागून येतात.

५. हाती येतच नसतील तर

दूर उभे राहून बघतात, जवळ गेलं की पुन्हा दूर. अशा वेळी राग येतो. राग आला की काम दुसऱ्याला द्या.

उपाय एक: चालत राहा. पळवायचं नाही, नुसतं त्याच्यामागं, बाजूनं, एका संथ चालीनं चालत राहायचं. तो चरायला थांबला की तुम्ही चालत पुढं. त्यानं तोंड तुमच्याकडे केलं की त्याच क्षणी थांबून पाठ वळवा. तुमच्याकडे बघितलं की त्रास थांबतो, हे घोड्याला लवकर उमगतं. रान मोठं असेल तर वेळ लागेल, पाणी बरोबर ठेवा.

उपाय दोन: वाट आखून द्या. गोठा, वाडगं, कांद्याची रिकामी शेड, जे बंदिस्त जवळ असेल त्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना माणसं पसरून उभी करा. माणसं कमी असतील तर मध्ये दोर धरून त्यावर साड्या-पोती टाका. सगळ्यांनी हात पसरून, गप्प, पाऊल पाऊल पुढं यायचं. कुणी एकानं धाव घेतली की तिथून फळी फुटते, म्हणून निघण्याआधी सगळ्यांना बजावून सांगा.

उपाय तीन: अंधार पडत असेल आणि घोडे रस्ता-विहिरींपासून दूर, चरत शांत असतील, तर त्यांना तिथंच राहू द्या. लांब एक माणूस बसवा, पागेचं बाहेरचं फाटक उघडं ठेवा, दारात पाणी आणि चारा ठेवा. चंदीच्या वेळेला पुष्कळ घोडे आपोआप येतात. बिबट्याच्या भागात मात्र शिंगरू बाहेर असेल तर हा मार्ग घेऊ नका.

६. वळू घोडा आणि शिंगरू

माजावरच्या घोडीच्या वासानं सुटलेल्या वळूला बादली दाखवून उपयोग नाही. त्याचं लक्ष चंदीवर नसतंच. अशा वेळी ज्या वस्तीवर घोडी आहे तिथं फोन करून तिला कोंडायला सांगा आणि अनुभवी मोतद्दाराला (घोड्यांची देखभाल करणाऱ्याला) बोलवा. घरातल्या मुलांना, म्हाताऱ्यांना आत ठेवा. दोन वळू समोरासमोर आले असतील तर मध्ये माणसानं पडू नये. लांबून पाण्याचा फवारा, पत्र्याचा आवाज, एवढंच.

शिंगराला दोर लावून ओढू नका. ते मागं जोर लावतं, उलटं पडतं आणि मानेला किंवा डोक्याला इजा होते. घोडीला चालवा, एका माणसानं शिंगराच्या मागून हात पसरून यावं.

७. घरी आणताना

पुढारी घोडी पुढं, बाकीचे मागं, सगळे चालीनं. कितीही घाई असली तरी दुडकी नको. घराच्या दिशेनं घोडे आपणच वेग धरतात. रस्त्यावरून येताना पुढं आणि मागं एकेक बॅटरीवाला हवा. पागेत शिरलं की प्रत्येक घोड्याचं तोंड फाटकाकडे वळवून उभं करा, फाटक लावा, मगच मोरखी काढा. उलटं केलं तर मोरखी निघताक्षणी तो मागच्या लाथा झाडत सुटतो.

मारू नका. हे वेगळं सांगावं लागतं. पळून गेल्याबद्दल फटका दिला असं तुम्हाला वाटतं, घोड्याला मात्र परत आल्याबद्दल फटका मिळालेला असतो.

८. तपासणी

थंड पाणी थोडं थोडं प्यायला द्या, अंगावर पाणी घाला, सावलीत हळू फिरवा. चंदी लगेच नको, वाळकं गवत चालेल.

मग पायापासून वर हात फिरवा. काटेरी तारेची जखम केसांत झाकलेली असते. सांध्याजवळची लहान दिसणारी जखमही डॉक्टरांना दाखवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, तेव्हा लस कधी दिली होती ते बघून त्यांना सांगा. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, जबड्याच्या हाडाखाली बोटांनी लागते. ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर नसावा. तासभर उभा राहूनही नाडी साठच्या वर असेल तर डॉक्टर हवेत.

खरी भीती पोटाची. घोड्याला उलटी करता येत नाही, जे गेलं ते आतच राहतं. बाजरी-मक्याची कणसं, खळ्यावरचं धान्य किंवा पेंडीचं पोतं फोडून खाल्लं असेल तर लक्षण दिसायची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा. पोटाकडे वळून बघणं, पाय आपटणं, लोळणं, लीद बंद होणं ही पोटशूळाची लक्षणं आहेत. धान्य जास्त गेलं असेल तर पुढचे दोन-तीन दिवस खूर गरम लागतात का, पुढच्या पायांवर भार द्यायला घोडा कचरतो का, ते बघत राहा. खुराच्या आतल्या सुजेनं घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. कण्हेर विषारी आहे, आणि ती महामार्गांच्या दुभाजकांत सर्रास लावलेली असते. एरंडाच्या बिया आणि घाणेरीही वाईट. घोडे त्या बाजूनं आले असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गावात कुणीतरी नळ्यानं गोडेतेल पाजायला सांगेल. पाजू नका. तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं जातात. डॉक्टर नाकातून नळी घालून थेट पोटात औषध देतात, ते वेगळं.

९. शेजाऱ्याचं नुकसान

त्याच दिवशी जा. त्यानं यायची वाट बघू नका. पीक दोघांनी मिळून बघा, फोटो काढा, पोलीस पाटील किंवा गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घ्या, आणि भरपाई ठरली की लिहून घ्या. कोंडवाड्याचा मूळ कायदा १८७१ चा आहे आणि त्यातल्या ‘गुरां’त घोडे, घोड्या, तट्टू, शिंगरंही येतात. पिकात शिरलेलं जनावर धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायची मुभा तो शेतकऱ्याला देतो. म्हणजे त्यानं घोडा अडकवला तर तो त्याच्या हक्कात आहे, भांडू नका. कागद दाखवा, दंड भरा, घोडा घेऊन या. पुढच्या वेळी घोडे दिसल्यावर पहिला फोन त्याच शेजाऱ्याचा येणार आहे.

१०. पुन्हा सुटू नयेत म्हणून

ज्या जागेतून गेले ती जागा उजेडात शोधा. घोडे ओठांनी साधी कडी उघडतात, एकानं उघडली की दुसरा बघून शिकतो. कडीला साखळी आणि स्प्रिंगचा हूक लावा, तोही बाहेरच्या अंगाला. कुंपण छातीपेक्षा उंच, साधारण दीड मीटर, आणि काटेरी तारेचं नको. बांबू, लाकडी आडवे, किंवा सौरऊर्जेवर चालणारी झटक्याची रुंद पांढरी पट्टी, जी घोड्याला दिसते. रस्त्याकडे जाणारं फाटक पागेच्या फाटकापासून वेगळं ठेवा, म्हणजे एक चुकलं तरी दुसरं उभं असतं.

अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर, बांधून रात्र काढायची जुनी पद्धत आहे, पण बांधलेल्या घोड्यापुढं रात्रभर चारा नसेल तर तो दोर चावतो, खुंट उपटतो. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतो. संध्याकाळी सातला चंदी देऊन सकाळी सातपर्यंत काहीच न देणारी पागा घोडे सोडायची तयारीच करत असते. रात्री झोपण्याआधी कडबा किंवा गवत टाका. एकटा घोडा पाळू नका, सोबत नसेल तर तो ती शोधायला निघतो.

आणि रोज एक सवय लावा. ठरलेल्या वेळी, ठरलेली एकच हाक मारा, बादली खळखळवा, आलेल्या प्रत्येकाला मूठभर हरभरा द्या. अधूनमधून मोरखी चढवून, मान खाजवून तिथंच पुन्हा मोकळं सोडा. मोरखी म्हणजे दर वेळी खोगीर आणि रपेट असं झालं की घोडा मोरखी बघून लांब सरतो. ही सवय घोडा आणल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, घरातल्या निदान दोन माणसांच्या हातानं सुरू करा, कारण ज्या रात्री घोडे सुटतील त्या रात्री एक जण परगावी असू शकतो.